शेर्पा तेनसिंग आणि नीमाची पेन्सिल



या वेळच्या भित्तिपत्रकासाठी गुरुजींनी थोर व्यक्तीचे चरित्र लिहायला सांगितले होते. कुणी शिवाजी महाराजांचे घेतले, कुणी सावित्रीबाईंचे घेतले. मी शेर्पा तेनसिंग यांचे घेतले. त्याचे कारण असे की, दिवाळीच्या सुट्टीत आम्ही घरची सगळी माणसं कळसूबाईच्या शिखरावर गेलो होतो. आई, दादा, मी, धाकटा भाऊ आणि आजीसुद्धा. लोखंडी शिड्या चढून वर गेल्यावर चहूकडे नुसते डोंगरच डोंगर आणि खाली भंडारदऱ्याचे पाणी दिसत होते. मला वाटलं, आता याच्यापेक्षा उंच जगात काहीच नसेल. शाळेत आल्यावर मी गुरुजींना तसे सांगितले. ते हसले आणि त्यांनी पेटीतून तेनसिंगचे पुस्तक काढून माझ्या हातात दिले. ते मी दोनदा वाचले. लेख जरा मोठा झाला आहे, त्याला चार ताव लागले. पण शेवटपर्यंत वाचा, कारण पेन्सिलीची गोष्ट खालच्या तावावर आहे.

एव्हरेस्ट केवढे आहे?

एव्हरेस्ट हे जगातील सर्वात उंच शिखर आहे. ते हिमालयात, नेपाळ व तिबेट यांच्या सीमेवर आहे. त्याची उंची ८८४८.८६ मीटर आहे. ही उंची नेपाळ व चीन या दोन देशांनी मिळून २०२० साली जाहीर केली. आपल्या महाराष्ट्रातले सर्वात उंच शिखर कळसूबाई. ते १६४६ मीटर आहे. मी पाटीवर गणित केले. पाच कळसूबाया एकावर एक ठेवल्या तर ८२३० मीटर होतात. तरीसुद्धा एव्हरेस्ट सहाशे मीटरने वर राहते!

हे शिखर सर्वात उंच आहे हे पहिल्यांदा गणिताने कळले. १८५२ साली राधानाथ सिकदर या बंगाली गणितज्ञाने त्याची उंची काढली. वर कोणी गेलेच नव्हते, पण लांबून कोन मोजून त्यांनी हिशोब केला. पुढे त्याला जॉर्ज एव्हरेस्ट या इंग्रज साहेबाचे नाव दिले. पण डोंगराच्या पायथ्याशी राहणाऱ्या लोकांकडे त्याचे नाव आधीपासूनच होते. ते त्याला चोमोलुंग्मा म्हणतात आणि देव मानतात. नेपाळमध्ये सगरमाथा म्हणतात.

तिथे वर बारा महिने बर्फ असतो आणि हवा फार विरळ असते. इथे आपण एक श्वास घेतला की जेवढी हवा मिळते, तेवढी मिळवायला तिथे तीन श्वास घ्यावे लागतात. म्हणून चालताना छाती फुटायला येते. बहुतेक जण पाठीवर ऑक्सिजनच्या नळ्या घेऊन जातात.

जन्म व बालपण

तेनसिंगचा जन्म १९१४ च्या मे महिन्यात झाला असे मानतात. नक्की तारीख कुणी लिहून ठेवली नव्हती. तेव्हा हवा कशी होती आणि शेतात कोणते पीक होते, त्यावरून त्यांनी महिना ठरवला. आमच्या आजीचीही तारीख अशीच आहे, पेरणीच्या दिवसातली. त्यामुळे मला हे वाचून नवल वाटले नाही.

त्याच्या वडिलांकडे याक होते. याक म्हणजे लांब लांब केसांचा, थंडीत राहणारा बैल. आईवडिलांना तेरा मुले झाली, त्यांतला हा अकरावा. त्यांतली बरीच भावंडे लहानपणीच वारली. त्याचे पहिले नाव नामग्याल वांगडी होते. मग एका मोठ्या लामांनी नाव बदलायला सांगितले आणि तेनसिंग नोर्गे असे ठेवले. त्याचा अर्थ धर्माला मानणारा, भाग्यवान आणि श्रीमंत असा आहे. घरात श्रीमंती तर काहीच नव्हती. पण नाव तेवढे मोठे होते.

नेपाळमधल्या थामे गावात तो वाढला. तिथे शाळा नव्हती. तो याक चारायला उंच उंच कुरणात जायचा आणि बर्फाच्या डोंगराकडे बघत बसायचा. आईने त्याला सांगितले होते की तो डोंगर इतका उंच आहे की त्याच्यावरून पक्षीसुद्धा उडून जाऊ शकत नाही. बाकीची मुलं हे ऐकून घाबरायची. तेनसिंगला मात्र तिथे जाऊन बघावेसे वाटायचे.

आईवडिलांनी त्याला लामा व्हायला तेंगबोचे नावाच्या मठात पाठवले. त्याचे डोके भादरले. पण एके दिवशी एका लामाने त्याच्या डोक्यात फळी मारली. तेनसिंगला राग आला आणि तो घरी पळून आला. आईवडील काही बोलले नाहीत. त्यांनी त्याला परत पाठवले नाही. अशी त्याची लिहिण्यावाचण्याची एकच संधी आली होती, ती गेली. हे मठाचे नाव लक्षात ठेवा, ते पुढे परत येणार आहे.

घरातून पळाला

गावातली काही माणसे दार्जिलिंगला जाऊन साहेब लोकांबरोबर डोंगरावर हमाली करायची. ती परत आली की मोठमोठे बूट दाखवायची आणि गोष्टी सांगायची. त्या ऐकून तेनसिंगला गावात करमेना. तेरा वर्षांचा असताना तो एकदा घरी न सांगता काठमांडूला गेला. तिथली देवळे, बाजार आणि गर्दी पाहून थक्क झाला. पण काही आठवड्यांनी आईची आठवण आली म्हणून परत आला.

नंतर अठराव्या वर्षी, १९३२ साली, गावातल्या काही मुलामुलींबरोबर तो दार्जिलिंगला गेला. मित्रांनो, घरी न सांगता जाणे हे चांगले नाही. मी ते फक्त घडले तसे सांगितले आहे.

दार्जिलिंगला लगेच काम मिळाले नाही. त्याने गाई सांभाळल्या, दूध विकले. १९३३ साली एव्हरेस्टवर जाणाऱ्या मोहिमेसाठी हमाल निवडत होते. हा रांगेत उभा राहिला, पण त्याला घेतले नाही. पूर्वी काम केल्याचा दाखला त्याच्याकडे नव्हता. आता पहिले काम मिळाल्याशिवाय दाखला कुठून येणार? हे मला पटले नाही.

१९३५ साली एरिक शिप्टन या इंग्रज साहेबाची मोहीम निघाली. तेव्हाही दाखला नव्हताच. पण तेनसिंगचे हसू साहेबांना आवडले आणि त्यांनी त्याला घेतले. दाखल्याने नाही, हसण्याने नोकरी मिळाली!

ओझी वाहण्याचे काम

लोकांना वाटते की डोंगर चढणे म्हणजे नुसते वर वर जायचे. तसे नाही. तंबू, दोर, स्टो, रॉकेल, धान्य, ऑक्सिजनच्या नळ्या हे सगळे कोणीतरी पाठीवर वाहून न्यावे लागते. एक छावणी झाली की तिच्यावर दुसरी, दुसरीवर तिसरी. शेर्पा लोक ओझे वर टाकतात, खाली येतात, परत ओझे घेऊन वर जातात. साहेब लोक एकदा वर जाणार आणि शेर्पा दहा वेळा. नाव मात्र साहेबांचे छापून यायचे.

१९३५, १९३६ आणि १९३८ अशा तीन मोहिमांत तेनसिंग गेले. तिन्ही वेळा कोणीच वर पोहोचले नाही. पण १९३८ साली अगदी वरच्या छावणीपर्यंत ओझे नेल्याबद्दल त्यांना टायगर म्हणजे वाघ हे पदक मिळाले.

मुलींना घेऊन केलेला प्रवास

मधल्या काळात दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि मोहिमा बंद पडल्या. तेनसिंग एका लष्करी साहेबाकडे कामाला चित्राल येथे गेले. ते आता पाकिस्तानात आहे, तेव्हा देश एकच होता. त्यांची पत्नी दावा फुटी तिथे होती. त्यांना एक मुलगा झाला होता, पण तो चार वर्षांचा असतानाच वारला होता. मग पेम पेम आणि नीमा या दोन मुली राहिल्या. १९४४ साली दावा फुटी पण वारल्या.

आता परक्या मुलखात दोन लहान मुली आणि एकटे वडील. तेनसिंग मुलींना घेऊन डोंगर उतरले आणि आगगाडीने देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला, दार्जिलिंगला आले. पुस्तकात हे थोडक्यातच आहे. पण मला एव्हरेस्टइतकाच हा प्रवास अवघड वाटला. आम्ही कळसूबाईला गेलो तेव्हा माझ्या धाकट्या भावाला दादांनी खांद्यावर घेतले होते, तर अर्ध्या वाटेतच त्यांचा खांदा भरून आला. हे तर केवढे लांब!

दार्जिलिंगला आल्यावर तेनसिंगनी आंग ल्हामू यांच्याशी लग्न केले. त्यांनी दोन्ही मुलींना पोटच्या मुलींसारखे वाढवले. घरात पैसे नसायचे तेव्हा त्या लोकांच्या घरी काम करायच्या. सावत्र आई वाईटच असते असे गोष्टीत असते, ते खोटे आहे.

तेनसिंगना जग बघायची फार हौस. १९४८ साली ते एका इटालियन प्राध्यापकांबरोबर तिबेटात गेले आणि ल्हासा शहर पाहून आले. ज्या ज्या देशाची माणसे भेटली, त्यांची थोडी थोडी भाषा ते शिकले. शेर्पा, तिबेटी, नेपाळी, हिंदी, इंग्रजी अशा कितीतरी भाषा त्यांना बोलता यायच्या. पण लिहिता वाचता येत नव्हते. सही तेवढी शिकले होते.

लाल स्कार्फ

१९५२ साली स्वित्झर्लंड देशाच्या लोकांनी एव्हरेस्टवर मोहीम काढली. त्यांनी तेनसिंगना नुसते हमाल म्हणून नाही, तर बरोबरीचा गिर्यारोहक म्हणून घेतले. वाटेत खूप वर्षांनी त्यांना आई भेटली.

तेथे रेमंड लँबर्ट नावाचा त्यांचा मित्र झाला. त्याच्या पायांची बोटे पूर्वी बर्फाने गेली होती. तरी तो चढत होता. त्याला तेनसिंगची भाषा येत नव्हती आणि तेनसिंगना त्याची येत नव्हती. खाणाखुणा करून आणि हसून ते बोलायचे. एका रात्री दोघे खूप उंचावर एका तंबूत राहिले. जवळ स्टो नव्हता, अंथरूण पांघरूण नव्हते. मेणबत्तीवर बर्फ वितळवून ते घोट घोट पाणी प्याले. झोप लागली तर गारठून मरू, म्हणून एकमेकांना चोळत आणि थापट्या मारत जागे राहिले. दुसऱ्या दिवशी, २८ मे रोजी, ते सुमारे ८६०० मीटरपर्यंत गेले. तोपर्यंत इतक्या उंच कोणी गेल्याची नोंद नव्हती. मग ताकद संपली. शिखर वर दिसत होते, पण ते परत फिरले. परत फिरले म्हणूनच वाचले. गुरुजी म्हणतात की परत फिरायलाही धाडस लागते.

त्याच वर्षी पावसाळ्यानंतर ते पुन्हा गेले, पण थंडी आणि वाऱ्याने पुन्हा माघारी यावे लागले. लँबर्टने आपला लाल स्कार्फ तेनसिंगना दिला. तो त्यांनी जपून ठेवला.

सातवी वेळ

१९५३ साली इंग्रजांनी परत मोहीम काढली. तिचे प्रमुख कर्नल जॉन हंट होते. तेनसिंग तापाने आजारी पडून उठले होते, अंगात ताकद नव्हती. आंग ल्हामूंना ते जाऊ नयेत असे वाटत होते. पण तेनसिंगना राहवेना. ते पहाटे उठून पाठपिशवीत दगड भरायचे आणि दार्जिलिंगचे डोंगर चढायचे उतरायचे. अशी त्यांनी तयारी केली. एव्हरेस्टला जाण्याची ही त्यांची सातवी वेळ होती. निघताना धाकट्या मुलीने, नीमाने, आपली शाळेतली लाल-निळ्या रंगाची पेन्सिल त्यांच्याजवळ दिली.

या मोहिमेत तेनसिंग सरदार होते. सरदार म्हणजे सगळ्या शेर्पांचा मुकादम. साडेतीनशेच्या वर हमाल होते आणि सामान साडेचार हजार किलो होते. काठमांडूच्या पुढे गाडीरस्ता नव्हता. सगळे दोन आठवड्यांच्या वर चालत गेले. काठमांडूत साहेब लोकांना खोल्या मिळाल्या आणि शेर्पांना मोटारीच्या गॅरेजमध्ये झोपायला सांगितले. शेर्पांना फार वाईट वाटले आणि राग आला. दोन्हीकडची समजूत घालायचे काम तेनसिंगनाच करावे लागले.

एडमंड हिलरी हे न्यूझीलंडचे. त्यांचा धंदा मधमाश्या पाळण्याचा होता. एकदा बर्फावरून उडी मारताना कड तुटली आणि हिलरी खोल भेगेत पडू लागले. दोघांच्या कमरेला एकच दोर होता. तेनसिंगनी झटकन कुऱ्हाड बर्फात रोवून दोर ताणून धरला. हिलरी वाचले. त्या दिवसापासून दोघांची जोडी जमली.

२६ मे रोजी इव्हान्स आणि बोर्डिलन ही दुसरी जोडी आधी गेली. शिखर शंभरएक मीटर राहिले असताना त्यांना परत यावे लागले. मग तेनसिंग आणि हिलरी यांची पाळी आली. २८ मे रोजी लो, ग्रेगरी आणि आंग नीमा या तिघांनी त्यांचे सामान सर्वात वरच्या छावणीत नेऊन टाकले आणि ते खाली परत गेले. या तिघांची नावे मी मुद्दाम लिहिली आहेत. ते वर गेले नाहीत, पण त्यांच्याशिवाय कोणीच गेले नसते.

ती छावणी सुमारे ८५०० मीटरवर होती. म्हणजे पाच कळसूबायांच्याही वर ते दोघे झोपले! जागा इतकी अरुंद आणि उतरती की तंबू नीट बसेना. रात्री त्यांनी डब्यातले मासे आणि बिस्किटे खाल्ली, गरम लिंबूपाणी प्याले. पहाटे चारला तंबूत उणे २७ अंश तापमान होते. म्हणजे पाण्याचा बर्फ होतो त्याच्याही २७ अंश खाली. हिलरींचे बूट लाकडासारखे कडक झाले होते. ते स्टोवर धरून मऊ करायला दोन तास लागले. तेनसिंगनी आपले बूट रात्री पायातून काढलेच नव्हते.

त्या पहाटे तंबूबाहेर पाहिले तर हवा स्वच्छ होती. खूप खाली, दरीत, तेंगबोचेचा मठ ठिपक्यासारखा दिसत होता. तेनसिंगनी तो हिलरींना बोट करून दाखवला. आठवतो ना तो मठ? लहानपणी जिथून ते पळून गेले होते तोच!

शिखरावर

साडेसहाला ते निघाले. बर्फ भुसभुशीत होता, पाय घसरत होता. वाटेत बारा मीटर उंच खडकाचा कडा आडवा आला. खडक आणि बर्फ यांच्यामधल्या फटीत अंग घालून हिलरी आधी वर चढले आणि मग त्यांनी दोर धरला, तेव्हा तेनसिंग चढले. शेवटी वर जायला काही उरलेच नाही. २९ मे १९५३ रोजी सकाळी साडेअकरा वाजता ते दोघे जगाच्या माथ्यावर उभे होते.

हिलरींनी हात पुढे केला. तेनसिंगनी नुसता हात न धरता त्यांना मिठीच मारली. तेनसिंगच्या गळ्यात लँबर्टचा लाल स्कार्फ होता. म्हणजे मित्रालाही ते वर घेऊन आले. त्यांनी कुऱ्हाड वर धरली, तिला चार झेंडे बांधले होते. संयुक्त राष्ट्रांचा, ब्रिटनचा, नेपाळचा आणि आपल्या भारताचा. हिलरींनी त्यांचा फोटो काढला. तो फोटो तुम्ही पाहिला असेल. हिलरींचा मात्र शिखरावरचा तसा फोटो नाही.

मग तेनसिंगनी चहूकडे पाहिले. एका बाजूला तिबेट, एका बाजूला नेपाळ. लहानपणी मान वर करून पाहिलेले सगळे डोंगर आता खाली होते. ज्या डोंगरावरून पक्षी उडत नाही असे आईने सांगितले होते, तिथे तिचा मुलगा उभा होता.

नंतर त्यांनी बर्फ उकरून छोटा खड्डा केला. त्यात देवाला मिठाई ठेवली. आणि त्याच्या शेजारी नीमाची ती लाल-निळी पेन्सिल ठेवली.

आमच्या आजीनेही कळसूबाईच्या देवळात साखर ठेवली होती. म्हणून मिठाईचे मला कळले. पण पेन्सिल का ठेवली, यावर मी खूप विचार केला. देवाला पेन्सिल कशाला? गुरुजींना विचारले, तर त्यांनी तूच शोध असे सांगितले. मला असे वाटते की, आपल्याजवळ जे सर्वात मोलाचे असते ते आपण देवाला देतो. तेनसिंगना लिहिता येत नव्हते. त्यांची मुलगी शाळेत जाऊन लिहायला शिकत होती. म्हणून त्यांना ती पेन्सिल सोन्यापेक्षा मोलाची वाटली असेल. माझे उत्तर चूक असेल तर माफ करा.

ते शिखरावर फक्त पंधरा मिनिटे थांबले. एवढ्यासाठी अठरा वर्षे खटपट केली!

पहिले कोण?

खाली आल्यावर लोकांनी एकच विचारायला सुरुवात केली की पहिला पाय कोणी ठेवला. कोणी तेनसिंग म्हणायचे, कोणी हिलरी. ते भारताचे की नेपाळचे, यावरही भांडण झाले. तेनसिंग दोन्ही देशांना आपले मानायचे. ते एवढेच सांगायचे की आम्ही दोघे एका दोराला बांधलेले होतो, बरोबरच पोहोचलो. पण लोक ऐकेनात. शेवटी त्यांनी आपल्या आत्मचरित्रात खरे काय ते सांगून टाकले. ते पुस्तक १९५५ साली निघाले. त्यांना लिहिता येत नसल्याने त्यांनी तोंडाने सांगितले आणि दुसऱ्याने लिहून घेतले. त्यात त्यांनी हिलरी काही पावले पुढे होते असे कबूल केले. खोटे सांगून पहिला नंबर घेतला नाही. आपण परीक्षेत हे लक्षात ठेवले पाहिजे.

इंग्लंडच्या राणीने हिलरी आणि हंट यांना सर ही पदवी दिली. तेनसिंगना जॉर्ज पदक दिले. दोघे बरोबर चढले तर बक्षीस वेगळे का, असे मला वाटले. पण तेनसिंगनी त्यावरून भांडण केले नाही.

सगळे कुटुंब जग पाहायला

मोहिमेनंतर तेनसिंग एकटे परदेशी गेले नाहीत. आंग ल्हामू, पेम पेम आणि नीमा यांना बरोबर घेऊन ते विमानाने लंडनला गेले. तेथून स्वित्झर्लंडला गेले आणि तिथले डोंगर पाहिले. ज्या मुलींना घेऊन एकेकाळी चित्रालहून निघाले होते, त्याच मुलींना आता त्यांनी जग दाखवले. मला चरित्रातला हा भाग सर्वात आवडला.

पंडित नेहरूंनी त्यांचा मोठा सन्मान केला. १९५४ साली दार्जिलिंगला हिमालयीन गिर्यारोहण संस्था सुरू झाली. तेथे तेनसिंग प्रशिक्षण प्रमुख झाले. जे कधी शाळेत गेले नाहीत ते शिक्षक झाले! कित्येक वर्षे त्यांनी मुलामुलींना दोर कसा बांधायचा आणि बर्फावर पाय कसा टाकायचा ते शिकवले. १९५९ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण दिले.

९ मे १९८६ रोजी दार्जिलिंग येथे तेनसिंग यांचे निधन झाले. अंत्ययात्रेला हिलरी आले होते. त्या संस्थेच्या आवारात तेनसिंगचा पुतळा आहे. दहा वर्षांनी, १९९६ साली, त्यांचा मुलगा जामलिंग एव्हरेस्टवर चढला आणि त्याने आईवडिलांचा फोटो तिथे ठेवला. २०१५ साली एक यान प्लुटोजवळून गेले, तेव्हा तिथे बर्फाचे डोंगर दिसले. त्यातल्या एका पर्वतरांगेला तेनसिंगचे नाव दिले आहे. म्हणजे ओझी वाहणाऱ्या माणसाचे नाव आकाशातही गेले.

मी काय शिकले

तेनसिंगच्या चरित्रावरून मी तीन गोष्टी शिकले. एक, सहा वेळा जमले नाही तरी सातव्यांदा जावे. दोन, ओझी वाहणाऱ्याला कमी समजू नये. आपल्या गावातही कितीतरी लोक पोती वाहतात, ऊस तोडतात, डोक्यावर पाणी आणतात. त्यांची नावे पुस्तकात नसतात, म्हणून ती लहान होत नाहीत. तीन, जग फार मोठे आहे, ते पाहायला निघावे आणि जमेल तर घरच्यांना बरोबर न्यावे.

आमची आजी पालकसभेला येणार आहे. तिला वाचता येत नाही. मी तिला या भिंतीपुढे उभी करून अक्षरावर बोट ठेवत हा लेख वाचून दाखवणार आहे. कळसूबाईवरून तिने मला विचारले होते की त्या डोंगरांच्या पलीकडे काय असते. तेव्हा मला उत्तर आले नव्हते. आता थोडेसे सांगता येईल.

अशा या थोर गिर्यारोहकास माझे विनम्र अभिवादन.

— इयत्ता ४ थी